खेजडीच्या सावलीत

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? पिवळी वाळू, तळपणारा सूर्य आणि दूरवर चाललेला उंटांचा तांडा. उर्दूत वाळवंटाला 'सहरा' म्हणतात. लैला-मजनूच्या कथेतला मजनू घरदार सोडून सहरातच भटकत राहतो. मराठीतही एखाद्याच्या जीवनात आनंद उरला नाही, तर 'त्याच्या आयुष्याचे वाळवंट झाले' असे आपण म्हणतो. भाषा कोणतीही असो, जिथे काहीच नाही ते वाळवंट, असा अर्थ जणू ठरूनच गेला आहे.

पण थरच्या वाळवंटाची माहिती वाचली तर नवल वाटते. हे वाळवंट सुमारे दोन लाख चौरस किलोमीटर पसरलेले आहे. त्याचा बराचसा भाग राजस्थानात आहे. उरलेला गुजरात, हरियाणा, पंजाब आणि सरहद्दीपलीकडे पाकिस्तानात आहे. जगातल्या वाळवंटांमध्ये सर्वांत दाट लोकवस्ती याच वाळवंटात आहे. इथे लाखो माणसे राहतात, शेती करतात, जनावरे पाळतात, लग्ने लावतात, गाणी गातात. मग ही माणसे खातात काय? पितात काय? त्यांची जनावरे जगतात कशावर?

या प्रश्नांची उत्तरे मला 2024 च्या फेब्रुवारीत एका दिवसात पाहायला मिळाली. एका नातेवाइकाच्या लग्नासाठी आम्ही बीडहून जोधपूरला गेलो होतो. लग्न आटोपले. परतीच्या गाडीला एक पूर्ण दिवस अवकाश होता. मी, माझी पत्नी आणि नववीत शिकणारी आमची मुलगी, असे तिघे एक जीप ठरवून निघालो. जीपचे चालक साठीचे गृहस्थ होते. डोक्यावर लाल फेटा, पांढरी दाढी आणि बोलणे अतिशय गोड. त्यांचे गाव बाडमेरकडचे. मुलगी त्यांना लगेच 'चाचा' म्हणू लागली. तिने एक नवी वही बरोबर घेतली होती. वाटेत दिसेल त्या झाडाचे नाव त्या वहीत लिहायचे, असा तिचा बेत होता.

"चाचा, वाळूच्या टेकड्या किती दूर आहेत?" तिने बसताक्षणीच विचारले.

"वाळू मागून पाहू, बेटा," चाचा हसून म्हणाले, "आधी वाळवंटाची झाडे तर पाहा."

जोधपूरचा मेहरानगड किल्ला उंच खडकावर उभा आहे. राव जोधा यांनी 1459 मध्ये तो बांधायला घेतला. या किल्ल्याच्या पायथ्याशी, तटाला लागून, 'राव जोधा डेझर्ट रॉक पार्क' नावाचे उद्यान आहे. उद्यान म्हटले की आपल्याला हिरवळ, कारंजी आणि गुलाबाचे ताटवे आठवतात. इथे यातले काहीच नाही. इथे आहे तो नुसता तांबूस-तपकिरी खडक. कोट्यवधी वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून बाहेर पडलेल्या लाव्हारसापासून तो बनला आहे. त्या खडकाच्या फटीफटींतून झाडे उगवलेली आहेत.

सगळ्यांत आधी नजरेत भरला तो थोर. उर्दूत त्याला 'थूहर' म्हणतात. शेकडो हिरव्या काटेरी मेणबत्त्या एकत्र उभ्या कराव्यात, तसे त्याचे झुडूप दिसते. पावसाळ्यात त्याला पाने येतात आणि पाणी संपत आले की तो ती गाळून टाकतो. मग त्याची हिरवी खोडेच पानांचे काम करतात. आम्ही गेलो तेव्हा त्याला बारीक लाल फुले आली होती. त्याच्या आडोशाला इतर लहान रोपे वाढत होती. काट्यांमुळे आणि विषारी चिकामुळे शेळ्या तिकडे फिरकत नाहीत, म्हणून ती रोपे सुरक्षित राहतात.

जवळच एक विचित्र झुडूप होते. नुसत्या हिरव्या काड्याच काड्या. पानाचे नाव नाही.

"हे केर," चाचा म्हणाले.

मी जवळ जाऊन पाहिले आणि मला हसूच आले. ही तर आमच्या मराठवाड्यातली नेपती! माळावर, बांधावर, ओढ्याच्या काठी उभी असते. तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. आणि इथे तिला एवढा मान! मुलीने वहीत लिहिले : 'केर म्हणजे नेपती.'

पुढे रुई दिसली. तिच्या जाड पानांवर मेणासारखा पांढुरका थर होता. कुमट नावाचे काटेरी झाड दिसले. ते बाभळीच्या कुळातले. त्याच्या शेंगांतल्या चपट्या गोल बिया इथले लोक भाजीत घालतात आणि त्याच्या खोडातून उत्तम डिंक मिळतो. प्रत्येक झाडाची पाणी वाचवण्याची रीत वेगळी. पान म्हणजे पाण्याचा खर्च. म्हणून कुणी पान बारीक केले, कुणी त्यावर मेण चढवले, तर कुणी पानच टाकून दिले. गरिबीत संसार नेटका करणाऱ्या माणसासारखी ही झाडे मला वाटली.

या उद्यानाची एक हकिकत ऐकण्यासारखी आहे. 1930 च्या दशकात जोधपूरच्या महाराजांनी एका परदेशी झाडाचे बी विमानातून आपल्या राज्यात पेरवले. ते झाड मूळचे मेक्सिकोकडचे. हेतू चांगला होता. उजाड जमीन हिरवी व्हावी आणि लोकांना सरपण मिळावे, असा विचार त्यामागे होता. झाड उगवले, वाढले आणि इतके पसरले की त्याने इथल्या मूळच्या झाडांना जागाच ठेवली नाही. इथे त्याला 'बावलिया' म्हणतात. आपल्याकडे हीच 'वेडी बाभूळ'. किल्ल्याभोवतीचा सगळा खडक तिने व्यापून टाकला होता. वरून तोडले की ती पुन्हा फुटे.

2006 मध्ये किल्ल्याच्या विश्वस्त संस्थेने ही बहात्तर हेक्टर जमीन मूळच्या झाडांसाठी मोकळी करायचे ठरवले. पण खडकात खोल गेलेली मुळे काढायची कशी? तेव्हा खाणीत दगड फोडणारे 'खंडवालिया' कारागीर मदतीला आले. हे लोक हातोड्याने खडकावर ठोका मारतात आणि आवाजावरून फट कुठे आहे ते ओळखतात. त्यांनी छिन्नी-हातोड्याने एकेक मूळ उकरून काढले. त्या खड्ड्यांत मारवाडच्या मातीतली झाडे लावली. 2011 मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले. शाळेची पायरीही न चढलेल्या माणसाच्या कानात केवढी विद्या असू शकते, हे ऐकून माझी मुलगी थक्क झाली. तिने एक दगड उचलला आणि खडकावर ठोकून पाहिला. "अब्बू, मला तर सगळीकडे सारखाच आवाज येतो!" ती म्हणाली.

दहाच्या सुमारास आम्ही जोधपूर सोडले आणि दक्षिणेचा रस्ता धरला. शहर मागे पडले. सपाट, भुरकट रान सुरू झाले. जोधपूरला वर्षभरात सरासरी 36 सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मुंबईला तो 200 सेंटिमीटरहून अधिक पडतो. म्हणजे मुंबईत पावसाळ्याच्या एका जोरदार आठवड्यात जेवढे पाणी पडू शकते, तेवढ्यात इथली माणसे, जनावरे आणि पिके वर्ष काढतात.

रानात ठिकठिकाणी एकाच जातीची झाडे उभी होती. खोड खडबडीत, फांद्या छाटलेल्या आणि त्यांवर नुकती कोवळी पालवी फुटू लागलेली. शेतकऱ्यांनी ती झाडे शेताच्या मध्यभागीही राखली होती. नांगर झाडाला वळसा घालून गेलेला दिसत होता.

"ही खेजडी," चाचांनी गाडी थांबवली. "हे आमचे दैवत समजा, बँक समजा, काय वाटेल ते समजा."

खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला महाराष्ट्रात जिची पूजा होते तीच ही शमी. राजस्थान सरकारने 1983 मध्ये तिला राज्यवृक्ष म्हणून घोषित केले. तिची मुळे पाण्याच्या शोधात जमिनीत फार खोल जातात. त्यामुळे भर उन्हाळ्यात, बाकी सगळे वाळून गेले असता, ती हिरवी असते. तिच्या पाल्याला 'लूंग' म्हणतात. तो शेळ्या-उंटांचा चारा. तिच्या हिरव्या शेंगा म्हणजे 'सांगरी'. ती माणसांची भाजी. तिच्या मुळांमुळे जमिनीला नत्र मिळते. त्यामुळे तिच्याखाली बाजरी जोमाने वाढते. पूर्वी मोठे दुष्काळ पडले, तेव्हा लोकांनी तिची साल वाळवून, दळून, पिठात मिसळून खाल्ली आणि जीव जगवला.

"आमच्या आजोबांनी छप्पनचा काळ पाहिलेला," चाचा म्हणाले. "ते खेजडीखालून जाताना तिला हात लावून पुढे जात."

'छप्पनचा काळ' म्हणजे विक्रम संवत 1956 मधला, इसवी सन 1899-1900 चा भयंकर दुष्काळ. इतकी वर्षे लोटली, तरी मारवाडात त्याची आठवण निघते.

गुडा बिश्नोइयाँ हे गाव जोधपूरपासून पंचवीस किलोमीटरच्या आतबाहेर आहे. गावाजवळ एक तळे आहे. चाचांनी गाडी लांबच उभी केली आणि ओठांवर बोट ठेवले. आम्ही पाऊल न वाजवता पुढे गेलो. तळ्याच्या काठी राखी रंगाच्या पक्ष्यांचा मोठा थवा उतरला होता. उंच पाय, काळी मान आणि डोळ्यांमागून कानशिलावर लोंबणारे पांढरे तुरे. हे कांड्या करकोचे. इथे त्यांना 'कुरजां' म्हणतात. मंगोलिया आणि मध्य आशियातून, हिमालय ओलांडून, ते हिवाळ्यात इथे येतात आणि उन्हाळा लागण्यापूर्वी परत जातात.

राजस्थानी लोकगीतांत कुरजांला फार जिव्हाळ्याचे स्थान आहे. परदेशी गेलेल्या पतीला निरोप पोहोचव, अशी विनवणी विरहिणी तिला करते. मारवाडातले लंगा आणि मांगणियार हे मुसलमान गायक पिढ्यान्‌पिढ्या ही गीते गात आले आहेत. चाचांना अशी कितीतरी गाणी येत होती. पण तळ्याकाठी ते गप्प राहिले. "पाखरे उडतील," एवढेच म्हणाले.

तळ्यापलीकडच्या मोकळ्या रानात काळविटांचा कळप चरत होता. नराचे अंग वरून काळेभोर, पोट पांढरे आणि शिंगे मळसूत्रासारखी पिळदार. माद्या फिकट तपकिरी. काही अंतरावर दोन चिंकारा उभे होते. चिंकारा हा राजस्थानचा राज्यप्राणी. अंगाने लहान, रंग वाळूसारखा. हलला नाही तर दिसायचाही नाही. त्याला पाणी मिळाले नाही तरी तो बरेच दिवस राहू शकतो. पाला खाऊन आणि पानांवरचे दव चाटून तो आपली तहान भागवतो. आश्चर्य असे की, आमच्यापासून शंभरेक पावलांवर असूनही हे प्राणी पळून गेले नाहीत. माणसाची त्यांना भीतीच वाटत नव्हती. असे का, याचे उत्तर आम्हांला पुढच्याच मुक्कामी मिळाले.

दुपारी चाचा आम्हांला त्यांच्या ओळखीच्या एका बिश्नोई कुटुंबाच्या ढाणीवर घेऊन गेले. ढाणी म्हणजे शेतातली वस्ती. शेणाने सारवलेले स्वच्छ अंगण, गवताने शाकारलेल्या गोल झोपड्या, एका बाजूला दोन पक्क्या खोल्या आणि अंगणाच्या मध्यभागी खेजडी. घरातल्या वृद्ध आजींना सगळे 'दादीसा' म्हणत. त्यांनी माझ्या मुलीला 'आवो बाईसा' म्हणून जवळ बसवले.

अंगणाच्या कोपऱ्यात जमिनीलगत सिमेंटचे एक झाकण होते. ते उघडून दादीसांनी दोरीने पाणी काढले. हा 'टांका'. किल्ल्यांवरच्या आपल्या 'टाक्या'चा हा भाऊच! पावसाळ्यापूर्वी भोवतालची जमीन झाडून स्वच्छ करतात. तिच्यावर पडलेले पावसाचे पाणी उतारावरून या टाक्यात येते. आता जोधपूरकडे इंदिरा गांधी कालव्याचे पाणी आले आहे आणि अनेक गावांत नळही आले आहेत. तरी दादीसांनी टांका सोडलेला नाही. "नळ सरकारचा, टांका आपला," त्या म्हणाल्या. आम्ही हात धुतले ते पाणीही वाया गेले नाही. ते खाली ठेवलेल्या घमेल्यात जमा झाले आणि मग एका रोपाला मिळाले.

जेवायला आम्ही खेजडीच्या सावलीत बसलो. दादीसांची सून चुलीवर बाजरीची भाकरी करीत होती. भाकरी आपल्यापेक्षा जाड. तिला 'सोगरा' म्हणतात. गरम सोगऱ्यावर बोटाने खळगे पाडून तिने त्यात तूप सोडले. ताटात लसणाची लालभडक चटणी, ताकाची कढी, गुळाचा खडा आणि केर-सांगरीची भाजी. केरची फळे मूळची कडू. ती काही दिवस मिठाच्या पाण्यात किंवा ताकात भिजवून ठेवतात, तेव्हा कडूपणा जातो. मग ती वाळवतात. सांगरीही उकडून वाळवतात. भाजी करायच्या आदल्या रात्री दोन्ही भिजत घालायची, सकाळी शिजवायची आणि तेल, लाल मिरची व आमचूर घालून परतायची. या भाजीत कुमटच्या बिया आणि गुंदे घातले की तिला 'पंचकुटा' म्हणतात. गुंदे म्हणजे आपले भोकर. ही भाजी कित्येक दिवस टिकते. प्रवासाला निघालेला माणूस ती बरोबर घेऊन जातो.

पहिला घास घेतला आणि मी क्षणभर थांबलो. किंचित आंबट, किंचित तुरट आणि मातीच्या सुगंधाची अशी चव मी कधी चाखली नव्हती. माझ्या पत्नीने विचारले, "दादीसा, यात पाणी किती घालता?"

"पाणी?" दादीसा म्हणाल्या. "पाणी जपता यावे म्हणून तर ही भाजी आहे!"

मी ताटाकडे पाहिले. त्यातले बहुतेक सगळे सकाळपासून पाहिलेल्या झाडांचे होते. नेपतीची फळे, शमीच्या शेंगा, कुमटच्या बिया, भोकर. त्यांतल्या एकाही झाडाला कुणी पाणी घातले नव्हते की खत टाकले नव्हते. पाऊस आला नाही, बाजरी गेली, तरी ही झाडे ताट रिकामे राहू देत नाहीत. वाळवंटातली माणसे खातात काय, या प्रश्नाचे उत्तर माझ्यासमोर वाढून ठेवले होते.

जेवण चालू असतानाच पक्क्या खोलीतून एक पाडस लंगडत बाहेर आले. चिंकाराचे पिल्लू. मागच्या पायाला पट्टी बांधलेली. मोकाट कुत्र्यांनी त्याच्या आईला मारले आणि यालाही चावा घेतला होता. दादीसांच्या नातवाने ते रानातून उचलून आणले होते. आता तो त्याला बाटलीने दूध पाजत होता. "बरे झाले की रानात सोडणार," तो म्हणाला. "आजकाल कुत्री फार झाली. शेतांना तारेची कुंपणे झाली. हरीण पळू लागले की तारेत अडकते."

माझी मुलगी जेवण विसरून त्या पाडसाकडे बघत राहिली. तिने हात पुढे केला. पण त्या मुलाने तिला नम्रपणे थांबवले. "बाईसा, लाड करू नका. याला माणसाची सवय लागली तर रानात जगणार नाही."

प्रेम करावे, पण ते कसे करावे हेही कळावे लागते. त्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला ते कळत होते.

बिश्नोई समाजाची स्थापना गुरू जांभोजी यांनी 1485 मध्ये केली. त्यांनी अनुयायांना एकोणतीस नियम दिले. 'बीस' आणि 'नौ' मिळून 'बिश्नोई'. हिरवे झाड तोडू नये, प्राणिमात्रांवर दया करावी, हे त्यांतलेच नियम. लाकूड वाचावे म्हणून हे लोक आपल्या मृतांना अग्नी न देता जमिनीत पुरतात. काळवीट आणि चिंकारा त्यांच्या शेतात खुशाल चरतात. आता त्या प्राण्यांच्या निर्भयतेचे कारण आमच्या लक्षात आले.

उन्हे कलू लागली तेव्हा आम्ही खेजडली गावी पोहोचलो. खेजडीच्या झाडांवरूनच या गावाला नाव पडले. इथे एक स्मारक आहे आणि भोवती दाट झाडी आहे. चाचांनी पायांतल्या चपला काढल्या. आम्हीही काढल्या.

ही गोष्ट 1730 सालची. जोधपूरचे महाराज अभयसिंह यांच्या महालाच्या बांधकामासाठी चुना भाजायचा होता. भट्टीला लाकूड हवे होते. राजाची माणसे कुऱ्हाडी घेऊन खेजडलीला आली. अमृतादेवी नावाच्या स्त्रीने त्यांना अडवले. पैसे दे, तुझी झाडे सोडतो, असे त्यांनी सुचवले. तिने नकार दिला. डोके देऊन एक झाड वाचत असेल, तर तो सौदा स्वस्तच आहे, अशा अर्थाचे बोल ती बोलली आणि तिने खेजडीला मिठी मारली. कुऱ्हाड चालली. तिच्यामागून तिच्या तीन मुली, आसू, रतनी आणि भागू, पुढे झाल्या. त्यांचीही तीच गत झाली. बातमी पसरली. आसपासच्या गावांतून बिश्नोई स्त्री-पुरुष येत गेले आणि एकेक झाडाला बिलगून उभे राहिले. एकंदर 363 माणसांनी प्राण दिले. शेवटी राजाला हे कळले. त्याने तोड थांबवली आणि बिश्नोईंच्या गावांत झाड तोडायला व शिकार करायला बंदी केली.

दर वर्षी भाद्रपद शुद्ध दशमीला इथे मोठा मेळा भरतो. जवळजवळ अडीचशे वर्षांनंतर, 1973 मध्ये, गढवालच्या डोंगरात 'चिपको' आंदोलन उभे राहिले, तेव्हा लोकांना खेजडलीची आठवण झाली. 2013 पासून आपल्या देशात 11 सप्टेंबर हा दिवस राष्ट्रीय वन शहीद दिन म्हणून पाळला जातो.

स्मारकापाशी माझी मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने हळूच विचारले, "अब्बू, एवढी माणसे गेली. झाड तर पुन्हा लावता आले असते ना?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर साधे नव्हते. माणसाच्या प्राणाहून मोठे काही नाही, असेच आपण शिकतो आणि ते खरे आहे. मी विचार करीत होतो, तोवर चाचाच म्हणाले, "बेटा, खेजडी फार हळू वाढते. आज लावली तर तुझ्या मुलांना सावली मिळेल. दुपारी तू जे जेवलीस, ते कुणाच्या तरी आजीने राखलेल्या झाडाचे होते. त्या लोकांना ठाऊक होते, झाड गेले की पुढचा दुष्काळ गावाला गिळणार. त्यांनी झाड नाही वाचवले, गाव वाचवले."

परतीच्या वाटेवर रोहिड्याची झाडे फुलली होती. उतरत्या उन्हात त्यांची केशरी-पिवळी फुले दिव्यांसारखी दिसत होती. रोहिड्याचे फूल हे राजस्थानचे राज्यपुष्प. चाचा आता मोकळेपणाने बोलत होते. त्यांच्या बोलण्यात काळजी होती. बाडमेर-जैसलमेरकडे वाळू धरून ठेवणारे 'फोग' नावाचे झुडूप आहे. त्याच्या कळ्यांचा रायता होतो. पण सरपणासाठी लोकांनी ते मुळासकट उकरले आणि आता ते कमी दिसते. 'गोडावण' म्हणजे माळढोक. राजस्थानचा राज्यपक्षी. हा जड पक्षी उडताना समोरच्या विजेच्या तारा त्याला नीट दिसत नाहीत आणि तो त्यांवर आदळून मरतो. आता देशात असे पक्षी दीडशेच्या आसपास उरले आहेत. जैसलमेर जिल्ह्यातल्या केंद्रात 2019 पासून त्यांची अंडी उबवून पिल्ले वाढवली जातात. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजलाही 1979 मध्ये माळढोकसाठी अभयारण्य झाले. पण तिथे आता तो क्वचितच दिसतो.

याच वाळवंटात सूर्यप्रकाशापासून वीज तयार करण्याची मोठमोठी केंद्रे उभी राहिली आहेत. फलोदीजवळचे भडला येथील केंद्र तर जगातल्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक आहे. कोळसा न जाळता वीज मिळते, ही चांगली गोष्ट आहे. पण या केंद्रांसाठी कितीतरी ठिकाणी खेजडी तोडली गेली. आमच्या सहलीनंतर काही महिन्यांनी, 2024 मध्येच, बिकानेर भागात लोक त्याविरुद्ध धरणे धरून बसल्याचे मी वर्तमानपत्रात वाचले. वीज हवी आणि झाडही हवे. दोन्ही कसे साधायचे? तुम्ही मोठे व्हाल, कुणी अभियंता, कुणी अधिकारी, कुणी शेतकरी व्हाल, तेव्हा हा प्रश्न तुमच्यासमोर येणार आहे. तेव्हा 'ती तर ओसाड जमीन आहे' असे कुणी म्हणाले, तर आधी तिथे जाऊन बघा. तिथे कोण राहते आणि कशावर जगते, ते विचारा.

निघताना दादीसांनी कापडाच्या पुरचुंडीत मूठभर वाळवलेली सांगरी दिली होती. बीडला आल्यावर माझ्या पत्नीने तिची भाजी केली. चव थोडी वेगळी लागली. पाणी आणि हात वेगळे होते. पण मुलीने ती आवडीने खाल्ली आणि वही उघडली. वहीत बारा झाडांची नावे होती. पुढच्या रविवारी तिने मला आमच्या गावाबाहेरच्या माळावर नेले. सारे गाव त्या माळाला 'पडीक' म्हणते. ती एकेक झाड शोधत गेली आणि नावापुढे खूण करीत गेली. नेपती मिळाली. रुई मिळाली. बोर, बाभूळ आणि भोकर मिळाले. वेडी बाभूळ तर जागोजाग होती. शेवटी ओढ्याच्या वळणावर शमीचे एक जुने झाड दिसले. मी त्या वाटेने वर्षानुवर्षे जात आलो आहे. शेळ्या राखणारी एक म्हातारी त्याच्याखाली बसली होती.

"आजी, या झाडाचा काय उपयोग?" मुलीने विचारले.

म्हातारीने वर पाहिले. "उपयोग? बाई, भर उन्हाळ्यात माझ्या शेळ्या याच्यावरच जगतात."

मुलीने सातवी खूण केली आणि त्यापुढे म्हातारीचे वाक्य जसेच्या तसे लिहून घेतले.